अण्णा रागावलेच नव्हते : भांडी बाजारातल्या एका सीनची पूर्ण चिरफाड

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही चौघापाचांनी मिळून बारा मिनिटांची एक शॉर्ट फिल्म केली, जुन्या नाशकात, भांडी बाजाराच्या मागच्या बाजूला एका वाड्यात. दिग्दर्शन मैत्रिणीचं, कॅमेरा मित्राचा, एडिट माझं. त्यातला एकच सीन, पावणेदोन मिनिटांचा, पूर्ण उलटा पोचला लोकांपर्यंत. का पोचला आणि तो सुलटा करायला काय काय करावं लागलं ते सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण आम्ही सुरुवातीला दोष भलत्याच माणसाला दिला होता आणि ते मला अजून लागून राहिलंय.

गोष्ट साधी आहे. अण्णा म्हणजे म्हातारा तांबट, तांब्याची भांडी मठारणारा, म्हणजे हातोडीने ठोकून पक्की करणारा. वाड्यातच खाली कामाची जागा, ती आता विकायला काढलेली. मुलगा येतो, उभ्या उभ्याच सांगतो, "अण्णा, गिऱ्हाईक आलंय. सात तारखेला टोकन देतो म्हणतोय." अण्णा थोडे थांबतात आणि म्हणतात, "बघा मग. तुमचं तुम्ही." बास, एवढाच सीन. स्क्रिप्टमध्ये त्या वाक्याच्या पुढे दिग्दर्शिकेने लिहिलं होतं, 'अण्णा हलके होतात.' म्हणजे इतकी वर्षं जे ओझं एकट्याने धरून ठेवलं ते खाली ठेवायला आज कोणीतरी परवानगी दिली, असं. फिल्मचा सगळा जीव त्या दोन शब्दांत होता.

अण्णांचं काम केलं ते काका नाटकातले. राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं उभे राहिलेले, नाशिकच्या कालिदास आणि साईखेडकर नाट्यगृहांची दोन्ही स्टेज पायाखालची, पण कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच. शूटच्या आधी चार दुपारी ते एका तांबटाच्या दुकानात नुसते बसून होते. आम्ही सांगितलं नव्हतं, स्वतःहून गेले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला कट तयार झाला आणि गंगापूर रोडला एका मित्राच्या हॉलमध्ये वीसेक जणांना दाखवला. फिल्म संपल्यावर एकच प्रश्न विचारला, अण्णांना शेवटी काय वाटतंय? जवळजवळ सगळे म्हणाले रागावलेत. कोणी म्हणालं अपमान झालाय त्यांचा, कोणी म्हणालं मुलगा नालायक आहे, आणि मागे बसलेल्या एक ताई हळूच म्हणाल्या की मला तर भीती वाटली, हे आता जिवाचं काही बरंवाईट करून घेतात की काय. हलके झाले असं एकही माणूस म्हणालं नाही.

त्या रात्री आमचा सगळ्यांचा निष्कर्ष एकच होता, काकांचं नाटकी झालं. चेहरा फार कडक ठेवला. दिग्दर्शिका म्हणाली एक क्लोजअप परत घेऊ आणि त्यांना शेवटी जरासं हसायला सांगू. मीही मान हलवली. काकांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "बाळा, तू सांगितलंस तेच मी केलंय. मी येतो परत, त्याचं काही नाही, पण त्याआधी तुम्ही जे शूट केलंय ते एकदा नीट बघून घ्या."

म्हणून बसलो. दोन संध्याकाळी, एकेक फ्रेम पुढे सरकवत.

सगळ्यात आधी सापडली ती कॅमेऱ्याची उंची. अण्णा खाली बसलेले, मुलगा उभा. मुलाचे शॉट अण्णांच्या बाजूने घेतले, त्यामुळे कॅमेरा खालून वर बघतोय आणि मुलगा दरवाजाएवढा मोठा दिसतोय. मग अण्णांच्या क्लोजअपची वेळ आली तेव्हा चौकातलं ऊन सरकायला लागलं होतं, घाई होती, म्हणून ट्रायपॉड उभ्या माणसाच्या उंचीवर लावला आणि कॅमेरा फक्त खाली वाकवला. म्हणजे अण्णांकडे आपण वरून बघतोय. आता वरून घेतलं म्हणजे माणूस दुबळाच दिसतो असा काही कायदा नाहीये, आई झोपलेल्या बाळाकडे पण वरूनच बघते. पण त्याच सीनमध्ये समोरचा माणूस खालून घेतलेला असला आणि तो काहीतरी काढून घ्यायला आलेला असला की त्या दोन उंच्या एकमेकींशी बोलायला लागतात. एक वरचा, एक खालचा. आम्हाला दोघं एका पातळीवर हवे होते आणि आम्ही बापाला मुलाच्या पायाशी नेऊन बसवलं.

दुसरं लेन्स, आणि हे मला जास्त लागलं. मुलाचे शॉट २४ एमएमवर आहेत, म्हणजे रुंद दिसणाऱ्या लेन्सवर, त्यात त्याच्या मागे सगळं दुकान दिसतं, फळीवरचे हंडे, बंब, घंगाळं, रांगेने. अण्णांचा क्लोजअप ८५ एमएमवर, जवळ ओढून घेणाऱ्या लेन्सवर, एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचं भोक मोठं उघडून. आम्हाला वाटलं काय सुंदर येतंय, मागचं सगळं विरघळून गेलंय, नुसत्या तांबूस गोळ्या. पण नीट विचार करा, आयुष्यभर त्या भांड्यांमध्ये बसलेला माणूस, त्याच्या मागची भांडीच आम्ही पुसून टाकली. आणि ज्या मुलाला त्या दुकानाशी काही देणंघेणं नाही त्याच्या मागे मात्र एकेक हंडा स्वच्छ. म्हणजे टोकन सात तारखेला आहे पण आमच्या लेन्सने दुकान आजच मुलाच्या नावावर करून टाकलं होतं! बघणाऱ्याला एमएम आणि एफ काही कळत नाही, कळायची गरजही नाही, पण ह्या माणसाला त्याच्या जागेतून उपटलंय एवढं त्याला बरोबर कळतं.

उजेडाचंही तेच. एप्रिलमधली साडेबाराची वेळ, सूर्य जवळजवळ डोक्यावर, वाड्याच्या चौकातून उजेड सरळ खाली पडतोय. अशा उजेडात कपाळ आणि नाक उजळतं आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या राहतात. काकांच्या भुवया दाट, त्यामुळे अजूनच. डोळ्यात तो जो पांढरा ठिपका चमकतो ना, समोरच्या उजेडाचं प्रतिबिंब, तो अजिबात नाहीये. तो ठिपका नसला की डोळे विझलेले वाटतात, माणूस आत काय विचार करतोय ते बाहेर पोचतच नाही, आणि जे पोचत नाही तिथे बघणारा स्वतःच्या मनातलं भरतो. चाळीस रुपयांचा थर्माकोलचा तुकडा उजेड चेहऱ्यावर परतवायला खालून धरला असता तरी काम झालं असतं.

आणि नजर. क्लोजअपच्या वेळी मुलाचं काम करणारा पोरगा अंबडला सेकंड शिफ्टला निघून गेला होता. काकांनी बघायचं कुठे म्हणून दिग्दर्शिकेने कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहून मूठ वर धरली आणि काका त्या मुठीकडे बघत बोलले. मूठ जरा जास्तच वर होती. आता तो शॉट बघितला की अण्णा भुवयांखालून वर बघतायत, आणि आपल्याकडे भुवयांखालून वर बघणारा माणूस म्हणजे एक तर विनवतोय नाही तर डूख धरतोय. काकांनी यातलं काहीच केलेलं नाही, ते फक्त सांगितलेल्या जागी बघत होते.

इथपर्यंत कॅमेऱ्याचं झालं. आता माझं.

मी काय केलं होतं, "तुमचं तुम्ही" नंतर अण्णांचा चेहरा चार सेकंद धरला, सेकंदाला पंचवीसच्या स्पीडने शंभर फ्रेम, आणि मग सरळ कट मारला तो दुकानाच्या दाराला लावलेल्या कुलपावर. मला तो कट फार आवडायचा. कुलूप मस्त शूट झालं होतं, गंज वगैरे सगळा दिसत होता. आणि त्या चार सेकंदांमध्ये गल्लीतला ठोकायचा आवाजही मी बंद केला होता, नुसती शांतता. वाटलं परिणाम येईल. आला, पण तो मयताच्या घरातल्या शांततेचा आला.

मग मी एक करून बघितलं. चेहऱ्याचा तोच शॉट, एक फ्रेम इकडे नाही तिकडे नाही, पण त्याच्यापुढे तीन वेगवेगळे शॉट लावून तीन तुकडे बनवले. एकात पुढे कुलूप. दुसऱ्यात पुढे मुलाचा हात, तो फळीवरचा एक हंडा उचलून बघतोय असा. तिसऱ्यात पुढे अण्णांचा स्वतःचा हात. आईला, आत्याला आणि खालच्या किराणावाल्या दादांना एकेक तुकडा मोबाईलवर दाखवला, कोणाला दुसऱ्याने काय बघितलं ते माहीत नाही. कुलूपवाला बघून आई म्हणाली, फार संताप झालाय बिचाऱ्यांचा. मुलाचा हात बघून दादा म्हणाले, पोराला नजर देतायत, हात लावू नको म्हणून. तिसरा बघून आत्या म्हणाली, दमलेत आणि सुटलेत. चेहरा एकच! तिघांपैकी एकालाही वाटलं नाही की अर्थ पुढच्या शॉटमधून आलाय, तिघांनी बोट चेहऱ्याकडेच दाखवलं, आणि आत्या तर म्हणाली काय डोळ्यांनी बोलतात हो हे.

तीन माणसं म्हणजे काही शास्त्रीय प्रयोग नाही. पण ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्हने करून बघितली होती, इव्हान मोझुखिन नावाच्या प्रसिद्ध नटाचा कोरा चेहरा घेऊन, एकदा सूपच्या ताटाला जोडून, एकदा शवपेटीला जोडून, आणि सांगतात की लोकांनी त्याच्या अभिनयाची वाहवा केली, भूक काय दाखवली, दुःख काय दाखवलं. त्याची ती फिल्म आज उपलब्ध नाही आणि नेमके कोणते शॉट होते ते सांगणारे वेगवेगळं सांगतात. पण नाव अजून चालतं, कुलेशोव्ह इफेक्ट. मी तो कोर्सच्या नोट्समध्ये वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता, आणि तरी एडिटवर बसल्यावर काकांनाच दोष दिला.

आपल्या नाशिकचंच उदाहरण द्यायचं तर फाळक्यांच्या १९१९ च्या 'कालिया मर्दन'ची सुरुवात बघा. दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी, सातेक वर्षांची, आधी फक्त चेहरा दाखवते, भाव बदलत जातात, गोष्ट अजून सुरूच झालेली नाही, आणि मग तोच चेहरा कृष्णाच्या वेषात येतो. तिथे आधीच सांगून टाकलंय की ही एक मुलगी आहे आणि ती अभिनय करतेय, पुढेमागे कुठलं कुलूप नाही की हंडा नाही, म्हणून तिचा प्रत्येक भाव तिचा स्वतःचा राहतो. मला हे फार मोठं वाटतं. पण एकदा गोष्ट सुरू झाली की चेहरा एकटा राहत नाही, आजूबाजूचे शॉट त्याला चिकटतात, आणि काय चिकटू द्यायचं हे नटाच्या हातात नसतं, ते आमच्या हातात असतं.

आता तो तिसऱ्या तुकड्यातला हात कुठून आला ते सांगतो.

सीनचा एक वाइड शॉट होता, चौकाच्या पलीकडच्या ओसरीवरून घेतलेला, पूर्ण सीन एका दमात. आम्ही तो फक्त सुरुवातीला पाच सेकंद वापरला होता. दुसऱ्या संध्याकाळी मी त्याचे तिन्ही टेक पहिल्यांदा शेवटपर्यंत बघितले. तिसऱ्या टेकमध्ये, फ्रेमच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, काका काहीतरी करतायत. जमिनीत तिरका रोवलेला लोखंडी दांडा असतो, त्यावर तांबट भांडं उपडं चढवतात, डाव्या हाताने ते थोडं थोडं फिरवत राहायचं आणि उजव्या हाताने हातोडी, एकाच वजनाचे ठोके, ओळीने. त्याने पत्रा कडक होतो आणि ते चमकदार ठसे उठतात. मुलगा बोलायला लागतो तेव्हा काकांची हातोडी थांबते पण डावा हात थांबत नाही. तो भांडं फिरवतच राहतो. "सात तारखेला" ऐकल्यावर अंगठा भांड्याच्या काठावरून फिरतो, हळू, एक पोचा राहिलाय का ते चाचपल्यासारखा, एका जागी अडतो, पुढे जातो. मग "बघा मग" म्हणताना ते भांडं दांड्यावरून काढतात, आणि "तुमचं तुम्ही" म्हणताना ते सुलटं करून शेजारी फरशीवर ठेवतात. आवाज न करता.

मी तो टेक सात-आठ वेळा बघितला असेल. मग दिग्दर्शिकेला बोलावलं, तिने बघितला आणि ती काही बोललीच नाही बराच वेळ. तिने 'हलके होतात' लिहिलं होतं आणि काकांनी ते हाताने करून ठेवलं होतं, चेहऱ्याने नाही. आम्ही ८५ एमएम लावून त्यांचा चेहरा धुंडाळत बसलो होतो. नाटकवाला माणूस म्हणजे चेहऱ्याने मोठं मोठं करणार हे आमच्याच डोक्यात बसलेलं, खरं म्हणजे स्टेजवर मागच्या रांगेला चेहरा दिसतच नाही, तिथे माणूस अख्ख्या अंगाने बोलायला शिकतो. एवढं साधं आमच्या लक्षात आलं नव्हतं.

टेक्निकली नशीब चांगलं होतं. वाइड फोरकेमध्ये होता, ३८४० बाय २१६०, आणि फिल्म आम्ही फुल एचडीत देणार होतो, १९२० बाय १०८०. म्हणजे फ्रेमचा फक्त पाव भाग घेऊन तो पूर्ण पडद्यावर लावला तरी शार्पनेस जात नाही. आणि वाइड एफ ५.६ ला होता, म्हणजे भोक लहान करून, म्हणून कोपऱ्यातला हातही फोकसमध्ये. फ्रेम जरा घट्ट बसली, वरून मनगट कापलं गेलं, पण चाललं.

तरी चेहऱ्याचा एक शॉट परत घ्यावाच लागला. वाड्याच्या मालकांनी एक सकाळ दिली. यावेळी कॅमेरा जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, बसलेल्या काकांच्या डोळ्यांच्या पातळीला, ३५ एमएम, मागची भांडी ओळखू येतील एवढी स्पष्ट, खालून थर्माकोल, आणि मुलाचं काम करणारा पोरगा सुट्टी टाकून आला आणि खरोखर समोर उभा राहिला. दोन टेक घेतले. एकात काका शेवटी किंचित हसले, दिग्दर्शिकेने सांगितलं होतं तसं. दुसऱ्यात काहीच नाही, फक्त ऐकलं.

हसण्याचा टेक लावून बघितला. वाईट नव्हता, पण त्याच्यापुढे हाताचा शॉट आला की हात मुका झाला. हसून सगळं सांगून टाकलंय, मग भांडं सुलटं कशाला करायचं? दिग्दर्शिकेनेच तो काढायला सांगितला.

शेवटचा कट असा झाला. वाइड, दोघं एका फ्रेममध्ये, आता पाच नाही तर सतरा सेकंद. मुलाचा मिड शॉट फक्त एकदा. मग अण्णांचा चेहरा, ५८ फ्रेम, त्यांची पापणी मिटते तिथे कट. मग हात, "बघा मग. तुमचं तुम्ही" हे वाक्य पूर्ण हातावर ऐकू येतं, चेहरा बोलताना दिसतच नाही. भांडं फरशीवर टेकतं, आणि त्यानंतर मुलगा, तो खाली त्या भांड्याकडे बघतोय. कुलूप गेलं. गल्लीतला ठोकायचा आवाज मी सीनभर चालू ठेवला, अण्णांची हातोडी थांबते तेव्हाही लांबून कोणाची तरी चालूच आहे.

कुलपाचा शॉट काढताना जीवावर आलं, खोटं कशाला बोलू. पण तो शॉट सुंदर होता म्हणूनच सगळी फिल्म आपल्याकडे ओढून घेत होता.

दुसऱ्यांदा दाखवली तेव्हा माणसं वेगळी होती, प्रश्न तोच. मोकळे झाले, सोडून दिलं त्यांनी, बरं वाटलं पण डोळ्यात पाणी आलं, अशी उत्तरं आली. एक गृहस्थ तरीही म्हणाले, रागावलेत, बोलून दाखवत नाहीत एवढंच. त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांच्या घरात तसा बाप असू शकतो. मला एवढंच हवं होतं की सीनने दार एका बाजूला उघडावं, सगळ्यांना ढकलून आत न्यावं असं नाही. मुलाला मात्र यावेळी कोणी नालायक म्हणालं नाही, आणि त्याचा एकही नवा शॉट आम्ही घेतला नव्हता.

काकांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "अरे त्यात काय, तुम्ही बघितलंत ना शेवटी." मग लगेच विचारलं की अंगठा जास्त वेळ फिरला का.

ज्या तांबटाच्या दुकानात ते बसायचे त्या आजोबांना पण लॅपटॉपवर नेऊन दाखवली. लगीनसराई चालू, समोर हंड्यांचा ढीग, तरी त्यांनी हातातलं काम ठेवून पूर्ण बघितली. भांडं सुलटं झालं तिथे मान हलवली आणि म्हणाले, "झालं काम." परत सुरुवातीपासून लाव म्हणाले. दुसऱ्यांदा बघताना त्यांनी डोळे मिटून घेतले, मला कळेना का, आणि संपल्यावर म्हणाले, "तो मागचा आवाज पितळेचा आहे. अण्णांच्या गल्लीत तांबं पाहिजे." आवाज मी दुसऱ्याच दुकानाबाहेरून रेकॉर्ड केला होता. परवा सकाळी लवकर, बाजार उघडायच्या आत, रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जातोय, एक तांब्याचा हंडा त्यांनी त्यासाठी बाजूला काढून ठेवलाय.